समाजकार्याची पदवी आणि नोंदवहीची भाषा

कोणत्याही व्यवसायशिक्षणाचे स्वरूप त्याच्या अभ्यासपत्रिकेवरून जितके कळते, त्याहून अधिक त्या शिक्षणात विद्यार्थ्याला कोणते साधन हाताळावयास शिकविले जाते ह्यावरून कळते. वैद्यकाचा विद्यार्थी शरीर तपासावयास शिकतो. स्थापत्याचा विद्यार्थी जमिनीचे आणि भाराचे मापन करावयास शिकतो. लोकांच्या अडीअडचणीत त्यांना साहाय्य करणे हाच ज्याचा व्यवसाय व्हावयाचा आहे, त्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र असे कोणतेही दृश्य उपकरण नसते. तो माणसांशी बोलतो, त्यांचे ऐकतो, ऐकलेले लिहून काढतो. आणि त्याने लिहिलेले वाचून दुसरे कोणी तरी निर्णय घेते. एखादे मूल आपल्या घरी परत जाईल की बालगृहात राहील, एखाद्या वृद्धेचे मासिक अनुदान मंजूर होईल की नाही, हे ठरविताना अशा लेखी नोंदीचा पुष्कळ वेळा आधार घेतला जातो. म्हणजे ह्या व्यवसायाचे मुख्य साधन भाषा हेच होय.

असे असूनही ह्या पदवीच्या चर्चेत भाषेचा विचार बहुधा ‘माध्यम मराठी असावे की इंग्रजी’ एवढ्या प्रश्नापाशी थांबतो. माध्यमाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या पलीकडे एक अधिक अवघड प्रश्न आहे. बोलणाऱ्याची मराठी आणि नोंदवहीची मराठी ह्या एकच नव्हेत, आणि एकीतून दुसरीत जाताना माणसाच्या म्हणण्यातील नेमका महत्त्वाचा भाग गळून पडू शकतो. तो कसा गळतो, आणि तो गळू नये म्हणून विद्यार्थ्याला काय शिकविता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पदवीचे नाव

अमेरिकेतील काही विद्यापीठांत ‘सार्वजनिक आणि मानवी सेवा’ अशा व्यापक नावाखाली जे पदवी-अभ्यासक्रम चालतात, त्यांना महाराष्ट्रात सर्वांत जवळचा अभ्यासक्रम म्हणजे समाजकार्य स्नातक, म्हणजेच सर्वतोमुखी झालेला ‘बी.एस.डब्ल्यू.’, हा होय. ह्या नावात ‘सेवा’ नसून ‘कार्य’ आहे, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

‘लोकसेवा’ हा शब्द ह्या अर्थाने घेता आला असता. परंतु तो प्रशासनाने आधीच व्यापला आहे. लोकसेवा आयोग अधिकाऱ्यांची निवड करतो, कायद्याच्या परिभाषेत ‘लोकसेवक’ म्हणजे सार्वजनिक अधिकारपद धारण करणारी व्यक्ती, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ह्यातील ‘लोकसेवा’ म्हणजे शासकीय कार्यालयाने नागरिकाला नियत मुदतीत द्यावयाची सेवा.

नुसत्या ‘सेवा’ शब्दाची परंपरा मात्र ह्याहून जुनी आणि वजनदार आहे. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेला भारत सेवक समाज, रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेले सेवासदन, ना. म. जोशी ह्यांनी १९११ मध्ये मुंबईत काढलेली सोशल सर्व्हिस लीग, कमलाताई होस्पेट ह्यांनी १९२१ मध्ये नागपुरात उभारलेला मातृसेवा संघ, ह्या सर्वांच्या नावांत सेवा आहे. मराठीत देवाची सेवा होते, आईबापांची होते, गुरूची होते. ज्याची सेवा करावयाची तो सेव्य थोर आणि सेवक लहान, असा क्रम ह्या शब्दात गृहीत असतो. समाजसेवेत हा क्रम प्रत्यक्षात उलटतो. कारण सेवा करणारा बहुधा शिक्षित व सुस्थित असतो आणि सेवा घेणारा गरजू असतो. शब्द नम्रतेचा राहिला, तरी व्यवहारात उपकाराची छटा शिरते. शिवाय सेवेचा मोबदला मागावयाचा नसतो, असा संकेत असल्यामुळे प्रशिक्षित आणि वेतन घेणारी व्यक्ती ह्या शब्दात सहजी बसत नाही.

‘कार्य’ हा शब्द ही अडचण दूर करतो. क्लिफर्ड मॅन्शर्ड ह्यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या नागपाडा भागात ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले आणि त्यातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने भारतातील समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. १९४४ मध्ये त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले. त्यानंतर मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५), नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था (१९५८), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) ही शिक्षणकेंद्रे उभी राहिली. ह्यांपैकी पुण्याच्या संस्थेने आपल्या नावात ‘समाजसेवा’ हाच शब्द ठेवला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये भारतातील पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. तथापि महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत ह्या कामाच्या पदाला आजही ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. दरम्यान स्वातंत्र्योत्तर शासनाने ‘कल्याण’ हा तिसरा शब्द आणला. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ मध्ये स्थापन झाले. पुढे राज्यातील विभागाच्या नावात ‘सामाजिक न्याय’ आला, आणि अनुदानित समाजकार्य महाविद्यालये ह्याच विभागाच्या कक्षेत येतात. सेवा, कार्य, कल्याण, न्याय ह्या चार शब्दांपैकी कोणताही मागच्याला पूर्णपणे बाजूस सारू शकला नाही. पदवीचा विद्यार्थी पहिल्या वर्षी ह्या चारही अर्थांच्या गर्दीत प्रवेश करतो, आणि आपण नेमके कोणते काम शिकत आहोत हे घरच्यांना सांगताना त्याची जी ओढाताण होते, तिचे मूळ ह्या शब्देतिहासात आहे.

२. अभ्यासक्रमाची रचना

समाजकार्याच्या सहा पद्धती पाठ्यपुस्तकांत सांगितलेल्या असतात : व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती. त्यांच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि सामाजिक कायदे ह्यांचा परिचय करून दिला जातो. ह्या विषयांमुळे पदवी इतर कलाशाखीय पदव्यांसारखी दिसते. तिचे वेगळेपण क्षेत्रकार्यात आहे. विद्यार्थी साधारणतः आठवड्यातून दोन दिवस एखादी वस्ती, शाळा, रुग्णालय, बालगृह किंवा स्वयंसेवी संस्था येथे काम करतो, ग्रामीण शिबिरात राहतो, आणि प्रत्येक दिवसाचा वृत्तांत लिहून पर्यवेक्षकाला दाखवितो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक ठरविले आहेत. वर्गातील अध्यापनाचा एक श्रेयांक सत्रात १५ तासांचा, तर प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. म्हणजे क्षेत्रकार्याला चार श्रेयांक दिले, तर विद्यार्थ्याने १२० तास लोकांमध्ये घालवावयाचे असतात. आणि त्या तासांतून शेवटी हाती उरते ती त्याची नोंदवही.

पदवीनंतर काय करता येते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच कळलेले बरे. स्वयंसेवी संस्था, बालसंरक्षण, ग्रामविकासाचे प्रकल्प, समुपदेशनास पूरक अशी कामे ह्यांत पदवीधराला प्रवेश मिळतो. परंतु काही दारे पदव्युत्तर शिक्षणावाचून उघडत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ह्यातील व्याख्येप्रमाणे मनोविकृती-समाजकार्यकर्ता होण्यास समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्या विशेष शाखेतील एम.फिल. आवश्यक आहे. वैद्यकीय व मनोविकृतीविषयक समाजकार्य हे राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ह्याच्या अनुसूचीतही आले आहे.

भाषेच्या दृष्टीने एक जुनी तरतूद येथे उल्लेखनीय आहे. कारखाना अधिनियम, १९४८ ह्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले होते. त्या अधिनियमाखालील कित्येक राज्यांच्या नियमांत समाजकार्याच्या किंवा तत्सम शिक्षणाबरोबरच बहुसंख्य कामगार बोलतात त्या भाषेचे पुरेसे ज्ञान ही अट होती. भाषा ही ह्या व्यवसायाची अर्हता आहे, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले होते. मात्र ‘पुरेसे ज्ञान’ म्हणजे किती, ह्याचे उत्तर ‘बोलता येते’ एवढ्याने पुरे होत नाही. ते पुढील तीन वाक्यांवरून दिसून येईल.

३. तीन वाक्ये

पहिले वाक्य : ‘माझी शाळा सुटली.’ मराठीत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या जोड्या आहेत : सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, मरणे–मारणे. जोडीतील पहिल्या क्रियापदाने घटना सांगितली जाते, दुसऱ्याने कर्ता पुढे येतो. वस्तीतील बारा-तेरा वर्षांच्या मुलीला शाळेविषयी विचारले, तर ती ‘माझी शाळा सुटली’ असे म्हणेल, किंवा ‘मला शाळेतून काढलं’ असे म्हणेल. पहिल्यात घटना आहे आणि कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ता आहे, पण तो उच्चारलेला नाही. आणि तो कर्ता ती स्वतः नाही एवढे निश्चित. छापील प्रपत्रावरचा प्रश्न मात्र असतो : ‘शाळा सोडण्याचे कारण’. ह्या प्रश्नाच्या व्याकरणातच शाळा सोडणारी ती मुलगी ठरून गेलेली असते. विद्यार्थी रकान्यात ‘घरकाम’ किंवा ‘अभ्यासात रस नाही’ असे लिहितो आणि पुढे जातो. मुलीच्या वाक्यात ‘कोणी काढले?’ हा प्रश्न उघडा होता. प्रपत्रात तो मिटतो. अशा मुलींची एकत्रित संख्या सांगताना वापरला जाणारा ‘गळती’ हा शब्द तर माणसाचा संबंधच ठेवीत नाही. तेथे पाण्यासारखे काही तरी आपोआप ठिबकते. विवाहाच्या बाबतीतही हीच पायरी दिसते. ‘माझं लग्न लावून दिलं’, ‘माझं लग्न झालं’ आणि ‘मी लग्न केलं’ ही तीन वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. परंतु बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ ह्याखाली चौकशी व्हावयाची असेल, तर ह्या तिन्हींतून निघणारे प्रश्न निरनिराळे आहेत.

दुसरे वाक्य : ‘मला नांदवत नाही.’ ‘नांदणे’ हे क्रियापद विवाहित स्त्रीच्या सासरी राहण्याविषयी मराठीत जितके नेमके आहे, तितके क्वचितच दुसरे असेल. त्याला ‘व’ लागून दोन रूपे होतात. एक प्रयोजक : नवरा बायकोला नांदवतो, म्हणजे सन्मानाने घरात ठेवून घेतो. दुसरे शक्यतावाचक : जसे ‘मला चालवत नाही’ म्हणजे चालण्याची शक्ती नाही, तसे ‘मला तिथे नांदवत नाही’ म्हणजे तेथे राहणे मला सहन होत नाही. म्हणून ‘मला नांदवत नाही’ हे वाक्य नुसते कागदावर पाहिले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : ‘तो मला ठेवून घेत नाही’ आणि ‘मला तेथे राहवत नाही’. बोलताना स्वर, मागचेपुढचे संदर्भ आणि आदरार्थी अनेकवचन ह्यांनी अर्थ उलगडतो. नवऱ्याचे नाव न घेण्याच्या आणि त्याचा उल्लेख ‘ते’ असा करण्याच्या रूढीमुळे स्त्री पुष्कळदा ‘मला नांदवत नाहीत’ असे म्हणते. ह्या एका ‘त’ मध्ये कर्ता दडलेला असतो. विद्यार्थ्याने सारांश करताना ‘सदर महिला सासरी नांदत नाही’ असे लिहिले, की तो कर्ता जातो आणि न नांदण्याची जबाबदारी तिच्यावर येते.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (पूर्वीच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५) पत्नीच्या पोटगीची तरतूद आहे. परंतु पुरेशा कारणावाचून पतीसह राहण्यास ती नकार देत असेल, तर तिला पोटगीचा हक्क राहात नाही, असेही त्यात म्हटले आहे. ‘नांदवत नाहीत’ असे सांगणाऱ्या स्त्रीने नकार दिलेला नाही, नकार तिला मिळाला आहे. ‘नांदवत नाही’ हे दुसऱ्या अर्थाने म्हणणाऱ्या स्त्रीजवळ तसे म्हणण्यास कारण आहे, आणि ते विचारून लिहावयाचे आहे. ‘नांदत नाही’ ह्या सारांशात ह्यांपैकी काहीच उरत नाही. न्यायालय अर्थात एका नोंदीवर निवाडा करीत नाही. तेथे पुरावा आणि उलटतपासणी असते. परंतु साहाय्यासाठी प्रथम जेथे ती जाते तेथील कागदावर जे शब्द उमटतात, तेच पुढच्या अर्जांत उतरत जातात आणि नंतर तिने निराळे सांगितले, तर तिने जबानी बदलली असे वाटू लागते.

तिसरे वाक्य : ‘बाप पितो म्हणे.’ ऐकीव माहिती ऐकीव म्हणून सांगण्यासाठी मराठीने ‘म्हणे’ हे छोटे अव्यय ठेवले आहे. ते वाक्याच्या शेवटी हलकेच येते आणि सांगणारा त्या माहितीची हमी घेत नाही, हे स्पष्ट करते. शेजारीण विद्यार्थ्याला म्हणते, ‘बाप पितो म्हणे’. नोंदीत येते, ‘पालक व्यसनी आहेत’. ह्यात तीन बदल झाले. ‘म्हणे’ गेले, म्हणजे ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती झाली. ‘पितो’ ह्या क्रियेच्या जागी ‘व्यसनी’ हे विशेषण आले, म्हणजे वागणे हा स्वभाव झाला. आणि सांगणारी शेजारीण नोंदीतून नाहीशी झाली, म्हणजे तिला पुन्हा विचारण्याची वाटही बंद झाली.

हे वाक्य कोठे पोहोचू शकते, ते पाहण्यासारखे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे बाल न्याय मंडळासमोर मूल प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांच्या आत सामाजिक तपासणी अहवाल सादर करावयाचा असतो. तो परिविक्षा अधिकारी करतो. तो उपलब्ध नसल्यास बालकल्याण अधिकारी किंवा समाजकार्यकर्ता करतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या बाबतीत बालकल्याण समितीपुढील सामाजिक तपासणीलाही १५ दिवसांचीच मर्यादा आहे. पंधरा दिवसांत घर, शाळा, शेजार आणि नातेवाईक ह्यांना भेटून कुटुंबाचे चित्र रेखाटावयाचे म्हणजे माहितीचा बराच भाग ऐकीवच असणार. ती ऐकीव आहे म्हणून टाकून द्यावी, असे नव्हे. ती ऐकीव म्हणून नोंदवावी, एवढीच अपेक्षा आहे. मेरी रिचमंड ह्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोशल डायग्नोसिस’ ह्या ग्रंथात समाजकार्यातील पुराव्याच्या प्रकारांची सविस्तर चर्चा केली, ती ह्याच गरजेपोटी. व्यक्तिसहाय्य कार्याच्या तासाला विद्यार्थी रिचमंड ह्यांचे नाव पाठ करतो. परंतु त्यांनी जो भेद पानोपानी समजावून दिला, तो त्याची मातृभाषा एका ‘म्हणे’ने करते, हे त्याला सहसा सांगितले जात नाही.

४. माणसांना दिलेली नावे

वाक्यांइतकाच नामांचा प्रश्न आहे. ज्या व्यक्तीला साहाय्य करावयाचे तिला मराठीत काय म्हणावे, ह्यावर अद्याप एकमत नाही. ‘अशील’ हा वकिलाचा शब्द आहे. ‘ग्राहक’ बाजाराचा आहे. ‘सेवार्थी’ पुस्तकांत आढळतो, पण बोलण्यात येत नाही. आणि ‘लाभार्थी’ हा शासकीय योजनांचा शब्द सर्वत्र पसरला आहे. ‘लाभार्थी’ म्हटले की त्या व्यक्तीचे एकच अंग दिसते : तिला काही मिळावयाचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाच्या नावात ‘हक्क’ आहे. ‘लाभार्थी’ शब्दात तो नाही.

काही नावे तर साहाय्याची अटच होऊन बसतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० मध्ये सुरू झाली आणि तिने असंख्य कुटुंबांना आधार दिला. तिचा अर्ज करणारी विधवा आपल्या भावाकडे राहात असेल, तर आपण ‘निराधार’ आहोत हे तिला त्या भावाच्या देखत सांगावे लागते. कायद्याच्या दृष्टीने हा पात्रतेचा शब्द आहे, तिच्या घरात तो भावाला लावलेला बोल ठरतो. विद्यार्थ्याने तिला अर्ज भरण्यास मदत करताना ह्या दोन अर्थांतील अंतर भावाला आणि बहिणीला समजावून दिले, तर तेही समाजकार्यच होय.

नाव बदलल्याने स्थिती बदलतेच असे नाही. पण नावाने स्थिती घडविल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. तथापि ह्या समाजांविषयीचा संशय नावाबरोबर संपला नाही, हे वस्त्यांतून काम करणाऱ्यास लवकरच कळते. बाल न्याय अधिनियमाने ‘बालगुन्हेगार’ ह्या शब्दाऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा स्वीकारली आणि त्याही पुढे जाऊन कलम ३ मध्ये कलंक न लावणाऱ्या शब्दयोजनेचे तत्त्व घातले : मुलाविषयीच्या कार्यवाहीत आरोपात्मक शब्द वापरावयाचे नाहीत. शब्दयोजना हेच ज्याचे स्वतंत्र तत्त्व आहे, अशी तरतूद कायद्यांत दुर्मिळ होय. तिचे पालन शेवटी अहवाल लिहिणाऱ्याच्या मराठीवर अवलंबून आहे. ‘मुलगा चोरटा आहे’ आणि ‘मुलाने दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप आहे’ ह्यांतला फरक त्याला दिसला पाहिजे.

परिभाषेतील भेदही अशाच रीतीने जपावे लागतात. फेलिक्स बीस्टेक ह्यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य संबंधाची सात तत्त्वे आजही शिकविली जातात. त्यांतील स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय हे शब्द मराठीत सुखाने रुळले आहेत. पण दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे ह्या अर्थी घडविलेला ‘समानुभूती’ हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून बाहेर पडलेला नाही. आणि ‘सहानुभूती’ ह्या रूढ शब्दाला दयेचा वास लागला आहे. विद्यार्थ्याने नवा शब्द पाठ केला, पण जुनी दया तशीच ठेवली, तर शब्द घडविणाऱ्यांचे श्रम वाया गेले.

५. इतर भाषांचा प्रदेश

आतापर्यंतच्या विवेचनात बोलणारा आणि लिहिणारा दोघेही मराठी भाषक आहेत, असे गृहीत धरले. महाराष्ट्रातील क्षेत्रकार्याच्या पुष्कळ ठिकाणी तसे नसते. नंदुरबारच्या डोंगरांत भिली गटातील बोली आहेत. त्या आर्य कुळातील असल्याने मराठी माणसाला अर्ध्याअधिक समजल्यासारख्या वाटतात, आणि अर्धवट समजणेच तेथे अधिक धोक्याचे असते. गडचिरोलीतील माडिया ही द्राविडी कुळातील गोंडीशी निगडित आहे. मेळघाटातील कोरकू तर ह्या दोन्ही कुळांबाहेरची, मुंडा गटातील आहे. मराठीच्या व्याकरणाचा कोणताही अंदाज तेथे उपयोगी पडत नाही.

अशा ठिकाणी दुभाष्या लागतो, आणि बहुधा शाळेत जाणारे घरातलेच मूल दुभाष्या होते. आईच्या आजाराविषयीचे, बापाच्या मारहाणीविषयीचे किंवा कर्जाविषयीचे बोलणे मग त्या मुलाच्या तोंडून जाते. मूल लाजते, गाळते, सौम्य करते. कधी आपल्या वयाला न शोभणारे ओझे उचलते. क्षेत्रकार्याच्या अहवालात ‘माहिती दुभाष्यामार्फत घेतली’ एवढी एक ओळही पुष्कळदा नसते. ती असणे आणि दुभाष्या कोण होता हे तीत सांगितलेले असणे, ही अल्पतम अपेक्षा होय. त्या भाषेतील अभिवादन, नात्यांची नावे, दुखण्याची नावे आणि ‘नको’ म्हणण्याच्या रीती एवढे तरी विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात शिकून घ्यावे. ‘नको’ म्हणण्याच्या रीती ह्यासाठी, की संमती घेतली असे लिहिण्यापूर्वी नकार कसा दिसतो हे ठाऊक पाहिजे.

६. काही सूचना

वरील विवेचनावरून पदवी-अभ्यासक्रमात एखादा नवा जाडजूड विषय घालावा, असे निष्पन्न होत नाही. क्षेत्रकार्याच्या चालू तासांतच चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

एक, नोंदवहीचे पान मधोमध विभागावे. डाव्या बाजूस व्यक्तीचे महत्त्वाचे वाक्य तिच्याच शब्दांत, बोलीत, शुद्ध न करता लिहावे. उजव्या बाजूस विद्यार्थ्याने आपला सारांश लिहावा. ‘मला नांदवत नाहीत’ आणि ‘सासरी नांदत नाही’ ही वाक्ये समोरासमोर आली, की पर्यवेक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

दोन, प्रत्येक माहितीपुढे ती पाहिलेली, स्वतः त्या व्यक्तीने सांगितलेली की तिसऱ्याकडून ऐकलेली, ह्याची खूण करावी.

तीन, छापील प्रपत्रातील प्रश्न वर्गात वाचावेत आणि त्यांचे व्याकरण तपासावे. ‘शाळा सोडण्याचे कारण’ ह्याऐवजी ‘शाळेत जाणे कधी आणि कसे थांबले?’ असे विचारता येते. विद्यार्थ्याला प्रपत्र बदलण्याचा अधिकार नसतो. परंतु तोंडी प्रश्न कसा विचारावा हे त्याच्या हाती असते, आणि ‘शेरा’ हा रकाना बहुतेक प्रपत्रांत रिकामाच असतो.

चार, जेथे कायद्याची किंवा व्यक्तीच्या सुरक्षिततेची अडचण नसेल, तेथे तिच्याविषयी लिहिलेले तिला समजेल अशा बोलीत वाचून दाखवावे. ही सवय सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण आहे. साधी अशी की तिला दहा मिनिटे पुरतात. कठीण अशी की ऐकणारी व्यक्ती ‘मी असं म्हटलं नव्हतं’ म्हणण्याची शक्यता असते, आणि तसे झाल्यास विद्यार्थ्याला आपले वाक्य तिच्या देखत खोडावे लागते.

ह्या दोन स्तंभांच्या नोंदवह्या महाविद्यालयांनी नावे व खुणा वगळून आणि संबंधितांच्या संमतीने जतन केल्या, तर मराठीच्या अभ्यासकांनाही त्यांचा लाभ होईल. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली ह्या बोलींत माणसे आपली अडचण कोणत्या क्रियापदांनी सांगतात, कर्ता केव्हा लपवतात, ऐकीव गोष्ट कशी दर्शवितात, ह्याची सामग्री आजवरच्या बोलीसंग्रहांत तुरळक आहे. कारण त्या संग्रहांत गोष्टी, गाणी आणि शब्द अधिक आहेत, गाऱ्हाणी कमी. समाजकार्याचा विद्यार्थी दर आठवड्याला ती ऐकत असतो. त्याने ती जशीच्या तशी लिहून ठेवावयास शिकणे हे त्याच्या पदवीचे काम आहे. त्यांतून मराठीचे एक अपरिचित व्याकरण हाती येईल, हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.